डेलची शिट्टी

हिवाळा लागला की आमच्या घरात दोन वास एकमेकांशी भांडत असायचे, एक आईच्या फोडणीचा आणि दुसरा माझ्या हॉकीच्या सामानाचा. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या त्या घराला तळघर होतं, पण तिथली हवा दमट. म्हणून हातमोजे, खांद्यांचे पॅड, गुडघ्यांचे पॅड अशी सगळी घामेजलेली वरात जेवणाच्या टेबलाशेजारी, जमिनीतून गरम हवा येणाऱ्या जाळीवर वाळत पडलेली असे. बाबा नाकाला रुमाल लावून आमटीभात जेवायचे. आमटीत गूळ का नाही म्हणून ते कुरकुरायचे, आणि आई म्हणायची की पुण्याच्या माणसाला गोडाशिवाय बोलता येत नाही आणि गोड खाऊनही गोड बोलता येत नाही. ती नागपूरची. तिच्या हातच्या तर्रीने डोळ्यांतून पाणी यायचं आणि तिच्या बोलण्यानेही अधूनमधून. मिनेसोटात आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, बाबा कॉम्प्युटरच्या एका कंपनीत इंजिनियर होते आणि आईला तिथे कुणी ओळखत नव्हतं. तीन-चार हिवाळ्यांत रिंकवर, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानावर, तिला सगळे ओळखू लागले, ते तिच्या आवाजामुळे.

आई कॉलेजात असताना कबड्डी खेळायची. डावा कोपरा सांभाळायची. चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नसे, असं तिची धाकटी बहीण, माझी मालूमावशी, सांगायची. बर्फावरची हॉकी आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, कुठे आहे ते दिसेना, काठ्या कशाला लागतात ते कळेना, पण एका पोराने दुसऱ्याला खांद्याने अडवून कडेच्या फळीवर दाबलं आणि तिचा चेहरा उजळला. "हे तर आपलंच आहे," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो खेळ कबड्डीच्या भाषेत शिकून घेतला. बॉडी चेकला ती 'पकड' म्हणायची, शिक्षा म्हणून बाहेर पेनल्टी बॉक्समध्ये बसवलेला तिच्या लेखी 'बाद' असायचा. मी आठवीत गेलो आणि आमच्या वयोगटात अंगावर जायची परवानगी मिळाली, तेव्हा कोचच्याही आधी आईने मला बैठकीच्या गालिच्यावर उभं करून शिकवलं. गुडघे वाक, खांदा छातीवर टेकव, आणि समोरच्याला तू येताना दिसला पाहिजेस. "पाठीतून मारायचं नाही. ज्याला दिसत नाही त्याला धरणं ही पकड नव्हे, चोरी आहे." बाबा सोफ्यावरून पाय वर घेऊन आमच्याकडे पाहत बसायचे.

बाबांना हॉकीची भीती वाटायची आणि ती ते लपवत नसत. चहाचा थर्मास मांडीत धरून ते आईच्या शेजारी बसायचे आणि कुणी कुणावर आदळलं की थर्मासच्या झाकणात बघायचे. त्यांना माझा खेळ आवडायचा, पण तो नंतर कुणी सांगितला तर. घरी परतताना गाडीत आई त्यांना सगळी मॅच ऐकवायची आणि ते "अरे वा, छान" म्हणत राहायचे. इतर पोरांचे आईवडील पास्ता खाऊ घालून पोरं आणायचे, माझ्या पोटात तिखट पोहे असायचे. हळूहळू अर्धी टीम आमच्या गाडीपाशी पोह्यांसाठी घुटमळू लागली. नाकं लाल करून, डोळे पुसत खायची ती सोनेरी केसांची पोरं मला आजही दिसतात. परदेशात येऊन मी एकटा पडलो होतो असं म्हणायची पद्धत आहे, पण मला तसं म्हणता येणार नाही. मी भाग्यवान होतो.

आता डेलबद्दल. आमच्या भागातल्या बहुतेक मॅचना डेलच रेफरी असायचा. दिवसा विम्याच्या ऑफिसात काम, संध्याकाळी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. गोल चेहरा, पिवळट मिशा, गावातल्या प्रत्येक पोराचं नाव पाठ. माणूस भला, पण त्याची शिट्टी लहरी. सुरुवातीच्या दहा मिनिटांत काठी नुसती कुणाच्या पायाला लागली तरी हात वर, दोन मिनिटं बाहेर. शेवटची दहा मिनिटं आली आणि गुण बरोबरीत असले की तीच शिट्टी खिशात. मग पोरं एकमेकांना कोपऱ्यात चिरडोत, मानेवर काठी बसो, डेल हात हलवत पुढे. यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. तिथे सगळे तसंच मानायचे. मॅचचा निकाल पोरांनी लावावा, रेफरीने नाही, असं मोठी माणसं कौतुकाने म्हणायची. एका रिंकवर ज्या धक्क्याला पाच मिनिटं, त्याच धक्क्याला पलीकडच्या गावात टाळ्या. आईला हे अजिबात पटत नसे. नियमाला घड्याळ नसतं, ती म्हणायची, पहिल्या मिनिटाला जे पाप ते शेवटच्या मिनिटाला पुण्य कसं होईल? ती हे ओरडून म्हणायची, पण मराठीत, आणि आजूबाजूचे पालक समजायचे की ती टीमला चिअर करते आहे. ते तिला हसून अंगठा दाखवायचे.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मात्र ती इंग्रजीत ओरडली. आमच्या गोलकीपरच्या मानेवर शेवटच्या मिनिटाला काठी बसली आणि डेल बघत बघत पुढे गेला. आई उठून काचेपाशी गेली आणि तिने त्याला विचारलं की त्याचे डोळे त्याने विम्याच्या ऑफिसात ठेवलेत का. सगळ्या स्टँडने ऐकलं. मिनेसोटात माणसं भांडत नाहीत, ती फक्त गप्प होतात, तशी सगळी गप्प झाली. डेलचे कान लाल झाले. घरी येताना बाबा तिला म्हणाले की उचलली जीभ लावली टाळ्याला असं इथे चालत नाही. आईलाही आतून लागलं असावं, कारण ती मुकाट्याने ऐकून घेत होती, आणि तिच्याबाबतीत हे फार दुर्मीळ होतं.

पुढच्या आठवड्यात संक्रांत आली आणि त्याच संध्याकाळी आमची मॅच होती. आईने ठरवलं की भांडण मिटवायला देवानेच दिवस काढून दिलाय. सकाळपासून तीळ भाजण्याचा खमंग वास घरात भरला आणि त्या दिवशी हॉकीच्या सामानाने हार मानली. चिक्कीच्या गुळाचे लाडू वळताना हात भाजतात म्हणून तिने शेजारी गार पाण्याची वाटी ठेवली होती. संध्याकाळी ती काळी साडी नेसली, वर फुगीर कोट, पायांत बर्फाचे बूट, आणि हातात लाडवांचा डबा. रिंकच्या दाराशी उभं राहून तिने येणाऱ्या प्रत्येकाला लाडू दिला, आमच्या लोकांना आणि समोरच्या टीमच्याही. डेल आला तेव्हा तिने त्याला थांबवलं, हातावर चांगले तीन लाडू ठेवले, आणि सगळ्यांसमोर त्याच्याकडून 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणवून घेतलं. त्याला ते जमेना, दोघंही हसले. तो एक लाडू तिथेच तोंडात टाकून, बाकीचे खिशात घालून आत गेला. आई खूश होती. बाबांनाही बरं वाटलं.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. संक्रांतीला शत्रूच्याही हातावर तिळगूळ ठेवतात आणि जुनं बोलणं पुसतात. पण तिथल्या लोकांनी काय पाहिलं? मॅच सुरू व्हायच्या आधी एका खेळाडूची आई, जी गेल्याच आठवड्यात रेफरीवर ओरडली होती, ती आता त्याच रेफरीला मूठभर मिठाई देते आहे. दुसऱ्या टीमच्या एका बापाने हसत हसत डेलला विचारलंही, की एका लाडवात किती पेनल्ट्या येतात. लोक हसले. डेल हसला नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं.

ती मॅच मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. डेल आमच्याशी कडक वागत होता हे मात्र बेंचवर सगळ्यांच्याच ध्यानात आलं होतं. आमच्या बारीक चुकांना शिट्टी, त्यांच्या मोठ्या चुकांना हाताचा इशारा, खेळा, खेळत राहा. शेवटची काही मिनिटं होती, बरोबरी होती. पक त्यांच्या गोलकडच्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि मी त्याच्यामागे गेलो. फळीकडे तोंड, सगळ्या जगाकडे पाठ. मागून त्यांचा एक उंच मुलगा येत होता. माझ्या शर्टावरचा आकडा त्याला स्पष्ट दिसत होता, मला तो दिसत नव्हता. मग पाठीत एक जोराचा धक्का, आणि फळी माझ्या कपाळाकडे आली. त्यानंतर मी बर्फावर पालथा पडलो होतो आणि ऐकत होतो. स्केटची पाती करकरत दूर गेली. खेळ चालू होता. मी शिट्टीची वाट पाहत होतो. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला त्यांनी गोल केला, लोक ओरडले, आणि मग शिट्टी वाजली, गोलची.

कोच माझ्यापाशी आला आणि त्याने मला उठवायला काखेत हात घातला. तेवढ्यात आईचा आवाज आला. ती काळ्या साडीचा घोळ एका मुठीत धरून बर्फावर चालत येत होती, आणि तिचा पाय एकदाही घसरला नाही, असं बाबा पुढे कित्येक वर्षं सांगत. तिने कोचचा हात बाजूला केला. कुणीही याचं डोकं हलवायचं नाही, ती म्हणाली, आणि स्वतः माझ्या तोंडासमोर बर्फावर आडवी झाली, म्हणजे मला मान न वळवता ती दिसावी. मला म्हणाली, बुटातली बोटं हलव. हलली का? आता दुसऱ्या पायाची. मी हलवली. तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. अँब्युलन्स येईपर्यंत ती तशीच पडून होती, गाल बर्फाला लावून, आणि माझ्याशी मालूमावशीच्या लग्नातल्या पंगतीबद्दल बोलत होती. तिचा तो गाल नंतर आठवडाभर काळानिळा होता. माझी मान अजूनही डावीकडे वळवली की कट्कन वाजते, आणि दर वेळी मला पहिल्यांदा आठवतो तो धक्का नाही, तो गाल आठवतो.

मानेच्या एका मणक्याला बारीक चीर गेली होती आणि डोक्याला आतून मार बसला होता. डॉक्टर म्हणाले नशीब चांगलं, मणका सरकला असता तर बोटं हलली नसती. मानेचा पट्टा घालून मी अंधारलेल्या खोलीत पडून राहिलो. उजेड सहन होत नसे, आवाज सहन होत नसे. आई मिक्सर लावेनाशी झाली, मेतकूट-भात आणि पातळ वरण हातानेच घोटायची, भांडी टॉवेलवर ठेवायची. घरात इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. मराठी मंडळातल्या काकूंचे फोन यायचे, बुद्धिबळ शिकवा, टेनिस शिकवा, काय मेली ती मारामारी. बाबांनी माझं सगळं सामान एका पोत्यात भरून गराजमध्ये नेऊन टाकलं आणि जाहीर केलं की हॉकी संपली. मला रडू आलं, पण रडलं की मान दुखायची. हॉकीशिवाय मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं. शाळेत माझं नाव नीट न घेता येणारी पोरं रिंकवर मला हाक मारायची, ते सगळं त्या पोत्यात गेलं होतं.

त्या दिवशी जेवताना आईने बाबांना एक गोष्ट सांगितली, आणि दार उघडं असल्याने मलाही ती ऐकू आली. तिची कबड्डी लग्नामुळे सुटली असं आम्ही समजत होतो. तसं नव्हतं. विद्यापीठाच्या मॅचमध्ये एका मुलीने तिच्या पायांना पायांची कात्री घातली होती. कबड्डीत कात्री चालत नाही. पंच चार हातांवर उभा होता, त्याने पाहिलं आणि डोळ्यांवर कातडं ओढलं, कारण घरच्या मैदानावर गर्दी कुणाची होती ते त्याला माहीत होतं. आईचा गुडघा गेला. मग तिच्या वडिलांनी म्हटलं, झाला खेळ, बस आता. "मारलं पंचाने आणि शिक्षा झाली मला," ती म्हणाली. "याच्यासंगं तसं नाही होऊ देणार मी." बाबांनी तिच्या पानात आणखी भात वाढला. पण पोतं गराजमध्येच राहिलं.

पट्टा निघायच्या सुमारास एका शनिवारी दुपारी दारावर डेल उभा होता. आमच्याकडे बूट काढायचे असतात हे त्याला ठाऊक होतं, त्याने उंबऱ्याबाहेरच काढले, बर्फात. मोज्याला भोक होतं. मी उठून बैठकीत येऊन बसलो. तो कितीतरी वेळ हातातली टोपी फिरवत राहिला आणि मग म्हणाला, मी तो धक्का पाहिला होता. माझा हात अर्धा वर गेला होता. आणि मग माझ्या मनात आलं की आता शिट्टी वाजवली तर सगळे म्हणतील, लाडू फळाला आले.

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी तिच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलंय. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत राहिला. बाबा आणि डेल हवामानाबद्दल बोलले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चहाचे कप होते आणि पदराला ओले हात पुसल्याच्या खुणा. ती त्याच्यासमोर बसली आणि आपल्या मोडक्या, ठाम इंग्रजीत बोलू लागली, ते शब्द मी मराठीत लिहितो आहे.

"मी तुला लाडू दिला तो माझ्या जिभेसाठी. मी तुला वाईट बोलले होते, ते मागे घ्यायला. तुझी शिट्टी मी कधी मागितली नव्हती."

"मला आता कळतंय," डेल म्हणाला.

"लोक काय म्हणतील म्हणून तू हात खाली घेतलास. आता तेच लोक बसलेले असतील तिथे जा आणि त्यांना हे सांग. मला सांगून काय उपयोग?"

डेलने चहा संपवला. साखर जास्त होती, बाबांसाठी केलेला चहा होता तो. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मग मान आठवून खांद्यावर ठेवला. आणि तो खरंच गेला, आमच्या हॉकी संघटनेच्या सभेत, शाळेच्या लायब्ररीत, लहान पोरांच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांसमोर. आई गेली नाही. तिथे असलेल्या कोचने आम्हाला फोनवर सांगितलं. डेलने झालं ते जसंच्या तसं सांगितलं, मग म्हणाला की इथून पुढे माझ्या मॅचमध्ये पाठीमागून धक्का दिसला की माझा हात वर जाणार. कुठल्याही मिनिटाला, कुठल्याही टीमवर, मग मॅच हरलात तरी चालेल. काहींना ते पटलं नाही आणि एक-दोघांनी त्याला रेफरी ठेवू नये असंही म्हटलं. आज टीव्हीवर मोठमोठ्या लीगच्या मॅच बघतो, तिथे दहा कॅमेरे असतात, तरी एकाला पाच मॅचची बंदी आणि तशाच दुसऱ्याला नुसती ताकीद. मी चिडून बडबड करू लागतो तेव्हा माझी मुलगी म्हणते, डॅड, तू आजीसारखा ओरडतोयस. मला ते ऐकून बरंच वाटतं.

त्या फोननंतर बाबा उठले, गराजमध्ये गेले आणि पोतं घेऊन आत आले. त्यांनी सामान एकेक करून जाळीवर मांडलं. मी डेलवर विश्वास ठेवतोय की तुझ्या आईवर, मला माहीत नाही, ते म्हणाले. डॉक्टरांनी उन्हाळाभर थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो. थंडी पडली, तळी गोठली, आणि मी पुन्हा बर्फावर उतरलो. पहिले काही दिवस कोपऱ्यात जायची हिंमत होत नसे. बाबांनी थर्मासच्या झाकणात बघणं सोडलं होतं. ते आता डोळे ताणून फक्त माझ्याकडे पाहायचे, ते मला जास्त अवघड जायचं.

त्या मोसमातली एक मॅच आम्ही जिंकली असती तर जिल्ह्याच्या फेरीत गेलो असतो. रेफरी डेल. बरोबरी, शेवटची काही मिनिटं, आणि स्टँडमधले सगळे उभे. पक कोपऱ्यात गेला. त्यांचा एक बुटका मुलगा पकपाशी होता आणि मी त्या मुलाकडे खांदा धरून, पूर्ण वेगात निघालो होतो. ऐनवेळी तो वळला. त्याची पाठ माझ्यासमोर आली. थांबायला मी स्केटची पाती आडवी केली, पण थोडा उशीर झाला. मी त्याच्या पाठीवर आदळलो आणि तो फळीवर. शिट्टी त्याच क्षणी वाजली. अजून माझे हात त्याच्या अंगापासून सुटलेही नव्हते. डेल समोर उभा होता, हात सरळ वर. मुलगा उठून बसला, डोकं हलवलं, मान इकडेतिकडे फिरवून पाहिली. ठीक होता. मला उरलेल्या खेळासाठी पेनल्टी बॉक्समध्ये पाठवलं.

आमच्या बाजूच्या स्टँडमध्ये नुसता गोंधळ चालला होता, डेल, काय करतोस, शेवटच्या मिनिटाला कुणी असं करतं का. आणि त्यात एकच माणूस टाळ्या वाजवत होता. काचेतून मला ती दिसली. आई. हातमोजे काढून, नीट आवाज यावा अशा, सावकाश. शेजारचे पालक तिच्याकडे वळून पाहत होते. डेलने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पक घेऊन तो पुढे गेला. त्यांनी गोल केला. आम्ही हरलो.

घरी परतताना बाबा गाडी हळू चालवत होते. शेवटी बाबांनी विचारलं, आपल्याच पोराला शिक्षा झाली, त्याच्यामुळे मॅच गेली, टाळ्या कसल्या वाजवत होतीस?

"समोरच्या स्टँडमध्ये त्या पोराची आई होती," आई म्हणाली. "तोंडावर हात धरून बसली होती बिचारी. तिच्या वाटच्या मी वाजवल्या."